शिंगराचे न उतरलेले वृषण : ओळख, निर्णय आणि खच्चीकरण



खानदेशात बैलाच्या खच्चीकरणाविषयी कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पूर्वी बैल बडवीत असत. आता पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्डिझो चिमट्याने काही मिनिटांत काम होते आणि जनावर त्याच दिवशी घरी येते. घोड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या भागात घोडे संख्येने थोडे असले तरी ते निरनिराळ्या कामांसाठी पाळले जातात. लग्नाच्या वरातीसाठी घोडी व घोडे ठेवणारे आहेत. मेंढ्यांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहून नेण्यासाठी ठेलारी धनगर बांधव तट्टे बाळगतात. केळी व कपाशीच्या उत्पन्नावर हौसेने मारवाडी किंवा काठेवाडी घोडा घेणारे बागायतदारही आहेत. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला पूर्णा मिळते. याच तापीच्या काठी, खाली नंदुरबार जिल्ह्यात, सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते. दत्तजयंतीपासून चालणाऱ्या या यात्रेतील घोडेबाजार महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे आणि तेथे परराज्यांतील व्यापारी जनावरे घेऊन येतात. अशा बाजारातून आणलेल्या किंवा घरच्या घोडीला झालेल्या नर शिंगराच्या बाबतीत कधी कधी एक अडचण समोर येते. कोशात एकच गोळी हाताला लागते, दुसरी लागत नाही.

अशा शिंगराचे काय करावे, याबद्दल अनेक गैरसमज आहेत. त्यांतील एक गैरसमज जनावराला व माणसालाही धोक्याचा आहे, म्हणून हा विषय सविस्तर समजून घेऊ.

वृषण कोशात कसे उतरते?

घोडीचा गाभणकाळ साधारण अकरा महिन्यांचा असतो. गर्भात वृषणे प्रथम पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतात. तेथून एका दोरीसारख्या पडद्याच्या आधाराने ती खाली सरकतात, पोटाच्या भिंतीतील एका छिद्रातून जांघेतील नळीत येतात आणि पुढे कोशात उतरतात. घोड्यात हा प्रवास गाभणकाळाच्या शेवटच्या एक-दोन महिन्यांत घडतो व जन्माच्या सुमारास, फार तर जन्मानंतर आठ-दहा दिवसांत, पूर्ण होतो. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत पोटाकडील छिद्र आवळून लहान होते. एकदा ते आवळले की पोटात राहिलेले वृषण त्यातून खाली येऊ शकत नाही. या अवस्थेला शास्त्रीय भाषेत क्रिप्टॉर्किडिझम म्हणतात.

वृषण कोठे अडकले आहे यावरून दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ते पोटाबाहेर आलेले, पण जांघेतील नळीत थांबलेले असते. दुसऱ्या प्रकारात ते पोटातच असते. डाव्या बाजूचे वृषण राहिले असेल तर ते बहुधा पोटात सापडते. उजव्या बाजूचे राहिले असेल तर ते पोटात असण्याची व जांघेत असण्याची शक्यता जवळजवळ सारखी असते. क्वचित दोन्ही वृषणे आत राहतात. असे जनावर बाहेरून खच्ची केल्यासारखे दिसते, पण वागते अंडील घोड्यासारखे.

लपलेले वृषण काम करते का?

येथेच पहिला गैरसमज आहे. ‘आत राहिलेली गोळी मेलेली असते, तिचा त्रास नाही,’ असे म्हटले जाते. ते खरे नाही. वृषणाची कामे दोन आहेत. एक शुक्रजंतू तयार करणे आणि दुसरे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा काही अंशांनी कमी तापमान लागते. कोश शरीराबाहेर लोंबता असण्याचे कारणच हे आहे. पोटातील उष्णतेत शुक्रजंतू तयार होत नाहीत. संप्रेरकाला मात्र ही अडचण येत नाही. म्हणून पोटातील वृषण आकाराने लहान व मऊ असले तरी ते टेस्टोस्टेरॉन रक्तात सोडत राहते. घोडा खिंकाळतो, घोडीच्या मागे लागतो, दुसऱ्या नरावर धावून जातो, चावतो, मागच्या पायांवर उभा राहतो.

ज्या शिंगराचे एक वृषण उतरले आहे व दुसरे आत आहे, ते उतरलेल्या वृषणाच्या जोरावर घोडी गाभण ठेवू शकते. म्हणून ‘हा अर्धा आहे, याच्यापासून धोका नाही,’ असे समजून त्याला घोड्यांत मोकळे सोडू नये. वर्षाचे झाल्यावर नर शिंगरू घोड्यांपासून वेगळे बांधावे.

सर्वांत मोठी चूक : दिसणारे तेवढे काढणे

काही ठिकाणी हातात येणारे एकच वृषण काढले जाते व घोडा ‘खच्ची’ म्हणून विकला जातो. हा प्रकार सर्वांत घातक आहे. असा घोडा घोडी गाभण ठेवू शकत नाही, पण त्याचा स्वभाव अंडील घोड्याचाच राहतो. कोश रिकामा, त्यावर शस्त्रक्रियेचा व्रण, सोबत विक्रेत्याचा शब्द, मग घेणाऱ्याने शंका का घ्यावी? तो घोडा वरातीत नेला जातो. पुढे बँड, फटाके, मागेपुढे लहान मुले, आणि शेजारी एखादी माजावर आलेली घोडी. अशा वेळी जनावर बिथरले तर त्याला दोन माणसांनी आवरणे कठीण. पाठीवर बसलेल्या नवरदेवाचा आणि लगाम धरणाऱ्याचा जीव त्या एका लपलेल्या गोळीवर टांगलेला असतो.

केळीच्या बागेत पिल विळ्याने वरच्या वर छाटले आणि आतला वाढबिंदू तसाच राहिला तर थोड्याच दिवसांत ते पुन्हा डोके वर काढते, हे आपण जाणतो. येथे तर मुळाला हातच लागलेला नसतो. शिवाय दिसणारे वृषण काढल्यावर पुढच्या पशुवैद्यकाला आत काय राहिले आहे व कोणत्या बाजूला राहिले आहे, याचा मागमूस लागत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी शोध घ्यावा लागतो व जनावराला नाहक त्रास होतो.

म्हणून नियम असा ठेवावा : आधी लपलेले वृषण काढावे, मग दिसणारे. लपलेले सापडले नाही तर दिसणारे तसेच राहू द्यावे आणि जनावर मोठ्या दवाखान्यात पाठवावे.

तपासणी केव्हा व कशी करावी?

१) पहिली तपासणी जन्मानंतर पहिल्या महिन्यात. शिंगराला माणसाच्या हाताची सवय लावतानाच कोश चाचपून पाहावा. दोन्ही गोळ्या लागल्या तर तारीख घालून वहीत नोंद करावी. पुढे याच वयात एखादे वृषण लहान असल्याने वर सरकते व हाताला लागत नाही. अशा वेळी पहिली नोंद उपयोगी पडते.

२) दुसरी तपासणी सहा महिन्यांनी, दूध तोडण्याच्या सुमारास.

३) तिसरी तपासणी वर्ष ते दीड वर्षाच्या वयात, पशुवैद्यकाकडून.

घाबरलेले शिंगरू स्नायू आवळून वृषण वर ओढून घेते. म्हणून घाईत, दोरांनी जखडून केलेली तपासणी फसवी ठरते. पशुवैद्यक गुंगीचे इंजेक्शन देऊन जांघेत खोलवर चाचपतात. जांघेतील वृषण असल्यास ते बऱ्याचदा असे सापडते. त्यानंतरही शंका राहिल्यास सोनोग्राफी करता येते. मोठ्या जनावरात गुदमार्गे तपासणीही करतात, पण लहान चणीच्या तट्टात किंवा शिंगरात त्यात आतड्याला इजा होण्याची भीती असल्याने ती जाणत्या हातानेच व्हावी.

शिंगरू दीड ते दोन वर्षांचे होईपर्यंत थांबावे का? जांघेत लहान गोळी लागत असेल तर थांबण्यास अर्थ आहे, कारण वाढीबरोबर असे वृषण, विशेषतः लहान चणीच्या जातींत, कधी कधी दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत खाली येते. वृषण पोटात असल्याची खात्री झाली असेल तर मात्र वाट पाहून लाभ नाही. मालिश, लेप, ओढून बांधणे अशा उपायांनी पोटातील वृषण उतरत नाही. संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी ते खात्रीने उतरते असेही दिसून आलेले नाही.

रक्ततपासणीचा उपयोग

विकत घेतलेला घोडा खच्ची आहे असे सांगितले, पण वागणूक नराची आहे, अशा वेळी रक्ततपासणीने उलगडा होतो. एका पद्धतीत प्रथम रक्ताचा नमुना घेतात, मग एचसीजी नावाचे संप्रेरक टोचून ठरावीक वेळाने पुन्हा नमुना घेतात. शरीरात वृषण असेल तर दुसऱ्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन वाढलेले आढळते, नसेल तर फरक पडत नाही. दीड वर्षाखालील शिंगरात व थंडीच्या दिवसांत हा प्रतिसाद कमी मिळू शकतो, हे ध्यानात घ्यावे. दुसरी, अलीकडची पद्धत अँटी-म्युलेरियन हार्मोनच्या तपासणीची आहे. हे संप्रेरक नरात वृषणातच तयार होत असल्याने एकाच नमुन्यावर निदान करता येते. तीन वर्षांवरील घोड्यात इस्ट्रोन सल्फेट तपासूनही निदान होते, मात्र गाढवासाठी ही शेवटची तपासणी उपयोगाची नाही. नमुना कोठे पाठवावा, हे आपल्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दोन्ही वृषणे नीट काढलेल्या घोड्यांपैकीही काहींमध्ये नराची थोडीफार वागणूक शिल्लक राहते. सवय, एकटेपणा, जास्त खुराक व कमी काम हीही त्याची कारणे असतात. म्हणून केवळ वागणुकीवरून पुन्हा शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. आधी रक्त तपासावे.

शस्त्रक्रिया कोठे करावी?

साधे खच्चीकरण, म्हणजे दोन्ही वृषणे कोशात असताना, अनुभवी पशुवैद्यक गोठ्याजवळच्या स्वच्छ, मऊ जागेत करू शकतात. घोड्यात यासाठी बैलाचा बर्डिझो चिमटा वापरीत नाहीत. कोश उघडून वृषण काढतात व रक्तवाहिन्या इमॅस्क्युलेटर नावाच्या उपकरणाने चिरडून तोडतात किंवा टाक्याने बांधतात.

न उतरलेल्या वृषणाची शस्त्रक्रिया मात्र अंगणात करण्याजोगी नाही. जनावराला पूर्ण भूल द्यावी लागते, जांघेतून किंवा तिच्या बाजूने छेद घेऊन वृषण शोधावे लागते आणि प्रसंगी पोट उघडावे लागते. काही मोठ्या संस्थांत घोडा उभा ठेवून, कुशीला बधिर करून, दुर्बिणीने पोटातील वृषण काढण्याची पद्धतही वापरतात. तिच्यात जखम लहान राहते व जनावर लवकर कामाला लागते. म्हणून प्रथम तालुक्याच्या दवाखान्यात दाखवावे आणि तेथून जळगावच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाचा सल्ला घ्यावा. त्यापुढे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना २०००, नागपूर) महाविद्यालये आहेत. त्यांपैकी अकोल्याची स्नातकोत्तर संस्था मुक्ताईनगरला रेल्वे व रस्त्याने जवळची आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचे आहे. बऱ्हाणपूरकडील सीमेवरच्या शेतकऱ्यांना मध्य प्रदेशातील महू येथील महाविद्यालयही सोयीचे पडते. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून दोन प्रश्न विचारावे : घोड्याला पूर्ण भूल देण्याची सोय आहे का, आणि अशा शस्त्रक्रिया तेथे होतात का. दोन्ही उत्तरे ‘होय’ आली तरच जनावर गाडीत चढवावे.

खर्च साध्या खच्चीकरणापेक्षा बराच जास्त येतो, हे खरे. परंतु वाहतूक, भूल, औषधे व दहा-पंधरा दिवसांची देखभाल एका पारड्यात टाकून दुसऱ्या पारड्यात घोड्याची किंमत व अपघाताची जोखीम टाकून पाहावी. कमी पैशांत ‘एक काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे गेल्यास पहिला खर्च वाया जातो व दुसरा वाढतो.

पूर्वतयारी

१) हंगाम : खानदेशात मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यात चिखल व माश्या असतात आणि वैशाखाच्या उन्हात जखम व जनावर दोन्हींना ताप होतो.

२) धनुर्वात : घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि रोगाचे बीजाणू लिदीत व मातीत असतातच. धनुर्वात प्रतिबंधक लसीच्या दोन मात्रा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देऊन त्यानंतर किमान दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरवावी. लस झाली नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे प्रतिविष देता येते.

३) जंतनाशक वेळेवर द्यावे. जनावर अशक्त, सर्दी-खोकल्याचे किंवा तापाचे असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

४) भुलेपूर्वी खुराक व चारा बंद ठेवावा लागतो, साधारणपणे बारा तास, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस त्याहून अधिक. नेमके तास डॉक्टर सांगतील ते पाळावे. ‘उपाशी कसे ठेवायचे’ म्हणून रात्री गुपचूप हरभरा घालू नये.

५) यात्रेतून नवीन आणलेला घोडा असेल तर ग्लँडर्स रोगाच्या तपासणीचा दाखला पाहावा. हा रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळविणे बंधनकारक आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी मालकाने काय पाहावे?

काढलेली दोन्ही वृषणे आपल्याला दाखविण्याची विनंती करावी. यामागे कारण आहे. कधी कधी वृषण पोटात असते, पण त्याला जोडलेले अधिवृषण, म्हणजे शुक्रजंतू साठविणारी नळ्यांची गुंडाळी, तेवढी जांघेत उतरलेली असते. ती हाताला गोळीसारखी लागते. घाईत तीच काढून काम झाले असे समजले जाते आणि खरे वृषण आतच राहते. काढलेला भाग कापून पाहिला की फरक स्पष्ट होतो. जाणते पशुवैद्यक ही खात्री स्वतःहून करतात.

त्यानंतर दाखला घ्यावा. त्यात जनावराचे वर्णन, वय, शस्त्रक्रियेची तारीख, कोणत्या बाजूचे वृषण कोठे सापडले आणि दोन्ही वृषणे काढली, हे स्पष्ट लिहून घ्यावे. पुढे विक्रीच्या वेळी हा कागद शब्दापेक्षा मोलाचा ठरतो.

नंतरची देखभाल

पहिले चोवीस तास घोडा स्वच्छ, कोरड्या, मऊ बिछायतीच्या जागेत बांधावा व त्याच्यावर नजर ठेवावी. शेणामातीच्या जागेत बांधू नये. साध्या खच्चीकरणानंतर दुसऱ्या दिवसापासून रोज दोन वेळा लगाम धरून थोडे चालवावे, त्यामुळे सूज उतरते व जखमेतील पाणी वाहून जाते. पोट उघडले असेल किंवा जांघेतील छिद्राला टाके घातले असतील तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती कटाक्षाने द्यावी. दोन्ही प्रकारांना एकच नियम लावू नये.

सूज तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत वाढते व नंतर हळूहळू उतरते. पुढील लक्षणांत मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे :

• रक्ताचे थेंब मोजता येत असतील व थोड्या वेळात थांबत असतील तर घाबरू नये. धार लागली किंवा पाव तासानंतरही थेंब पडतच राहिले तर तातडी समजावी.

• जखमेतून आतडे किंवा पडद्यासारखा भाग लोंबू लागला तर जनावराला चालवू नये, आडवे होऊ देऊ नये. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापडाने तो भाग खालून झेलून धरावा व डॉक्टर येईपर्यंत तसाच ठेवावा. हा धोका पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, पण पुढील आठवडाभरही लक्ष ठेवावे.

• ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर, चारा सोडणे, दुर्गंधीयुक्त पू, पोटदुखीची लक्षणे, मागचा पाय टाकता न येणे.

• अंग ताठरणे, जबडा न उघडणे, डोळ्यावर पडदा येणे ही धनुर्वाताची लक्षणे आहेत.

रात्री-अपरात्री अडचण आल्यास शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक लावावा. वृषणे काढल्यावरही आधी तयार झालेले शुक्रजंतू नळ्यांत काही काळ शिल्लक असतात, म्हणून किमान एक महिना घोडा घोड्यांपासून वेगळा ठेवावा. वागणूक निवळण्यास त्याहून जास्त, काही महिनेही लागू शकतात.

वंशासाठी ठेवावा का?

रंग देखणा, चाल उत्तम, उंची भरपूर, मग एकच गोळी असली तरी काय बिघडले, असा मोह होतो. हा दोष वंशातून पुढे जातो असे मानण्यास भक्कम आधार आहे, जरी त्याची रीत साधीसरळ नसली तरी. घोडीकडूनही तो येऊ शकतो आणि तिच्यात तो दिसत नाही. म्हणून असा नर पैदाशीला वापरू नये. एकाच जोडीपासून अशी शिंगरे पुन्हा झाली तर ती जोडी बदलावी. आज आपण दाखवलेला मोह उद्या दुसऱ्याच्या दावणीला त्रास होऊन बसतो.

खरेदी करणाऱ्यांसाठी

बाजारात घोडा ‘खच्ची’ म्हणून घेताना केवळ कोश रिकामा आहे यावर विसंबू नये. दाखला मागावा. दाखला नसेल तर घोडीजवळ नेऊन वागणूक पाहावी, पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे आणि शक्य असल्यास रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याचा करार दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावा. शिंगरू घेताना कोशात दोन्ही गोळ्या हाताने चाचपूनच पैसे मोजावे.

थोडक्यात सांगावयाचे तर, पहिल्या महिन्यात पाहा आणि लिहून ठेवा, वर्षाचे झाल्यावर वेगळे बांधा, एकच वृषण कधीही काढू देऊ नका, योग्य सोय असलेल्या ठिकाणीच शस्त्रक्रिया करा आणि दाखला जपून ठेवा. घोडा मालकाचा शब्द ऐकतो तो त्याच्या अंगातील रक्त शांत असेल तर. ते शांत करण्याचे काम अर्धवट सोडू नये.